आधी तुकडे सारखे करा

संध्याकाळ झाली आहे. चुलीवर भाकरी चालली आहे. पाचवीतलं लेकरू वही घेऊन बसलं आहे आणि पेन्सिल चघळतं आहे. वहीत लिहिलं आहे, १/२ + १/३ = किती? थोड्या वेळानं ते २/५ लिहितं आणि वही मिटतं.

तुम्ही वही उघडून पाहता. एक अधिक एक दोन, दोन अधिक तीन पाच. वरवर बरोबर दिसतं. कुठंतरी चुकतंय असंही वाटतं, पण काय चुकलं ते सांगता येत नाही. मग तुम्ही म्हणता, "उद्या शाळेत बाईंना विचार."

बाईंना जरूर विचारू द्या. पण त्याआधी तुम्ही पाच मिनिटं लेकराजवळ बसा. तुमची शाळा चौथीत सुटली असेल तरी बसा. अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी शिकवायला लागतं ते बरंचसं सामान तुमच्या घरात आहे. त्याहून जास्त तुमच्या बोलण्यात आहे.

मी पुष्कळ वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या. या धड्यापाशी जितकी लेकरं अडलेली पाहिली, तितकी दुसऱ्या कुठल्या धड्यापाशी पाहिली नाहीत. शिष्यवृत्तीच्या आणि नवोदयच्या परीक्षेत अपूर्णांक येतात, हे एक झालं. पण इथं अडलेलं मूल पुढं टक्केवारीत अडतं, व्याजात अडतं, बीजगणितात अडतं. आणि मोठं झाल्यावर जमिनीच्या वाटणीत दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत बसतं. मला काळजी आहे ती या शेवटच्या गोष्टीची.

तर आता त्या २/५ कडे वळू.

पहिली गोष्ट, रागावू नका. लेकरानं उगाच काहीतरी लिहिलेलं नाही. परीक्षेत पहिल्या प्रश्नाला २ पैकी १ गुण मिळाला आणि दुसऱ्याला ३ पैकी १ मिळाला, तर एकूण ५ पैकी २ होतात. ते गुण असेच मिळवायचे असतात. लेकरानं तीच रीत इथं लावली. त्याला म्हणा, "गुणांच्या बेरजेला हे बरोबर आहे. पण इथं भाकरीचे तुकडे आहेत. तुकड्यांचं जरा वेगळं असतं."

मग एकच प्रश्न विचारा. "तुझ्याजवळ अर्धी भाकर होती. मी तिच्यात आणखी एक तुकडा घातला. आता तुझ्याजवळ अर्धीपेक्षा जास्त आहे की कमी?" ते म्हणेल, जास्त. मग विचारा, "पाच तुकड्यांतले दोन म्हणजे अर्ध्यापेक्षा जास्त की कमी?" पाचाचं निम्मं अडीच. दोन तर अडीचपेक्षा कमी. म्हणजे भर घातली आणि भाकर घटली.

हे त्याच्या लक्षात आलं की थांबा. त्याच्या चेहऱ्याकडं बघा. आपलं उत्तर आपणच तपासू शकतो, हे लेकराला त्या क्षणी कळलेलं असतं. ही सवय लागली तर निम्मं काम झालं. प्रत्येक बेरजेनंतर विचारायला लावा, उत्तर वाढलं का? प्रत्येक वजाबाकीनंतर, उत्तर घटलं का? उत्तर अर्ध्याच्या वर आहे की खाली?

आता भाकर हातात घ्या.

आपल्याकडं भाकरीच्या तुकड्यांना नावं आहेत. अर्धी भाकर. अर्धीची अर्धी ती चतकोर. चतकोरीची अर्धी ती नितकोर. लेकराला एक भाकर द्या आणि तिचे आठ नितकोर करायला लावा. मग सांगा, बाबांनी अर्धी खाल्ली, तू चतकोर खाल्ली, दारातल्या कुत्र्याला नितकोर टाकली. किती भाकर गेली?

लेकरू तुकडे मोजेल. अर्धीचे चार नितकोर. चतकोरीचे दोन. कुत्र्याचा एक. सात गेले, एक उरला. वहीत लिहायला सांगा, १/२ + १/४ + १/८ = ४/८ + २/८ + १/८ = ७/८. उरला १/८.

या गणितात त्यानं काय केलं ते त्यालाच सांगू द्या. अर्धी आणि चतकोर यांची त्यानं थेट बेरीज केली नाही. आधी सगळ्यांचे नितकोर केले. सगळे तुकडे एका मापाचे झाले, तेव्हा मोजले. अपूर्णांकांच्या बेरजेचं सगळं गुपित एवढंच आहे. आधी तुकडे सारखे करा, मग मोजा.

शाळेच्या पुस्तकात याला छेद समान करणं म्हणतात. खालचा आकडा, म्हणजे छेद, हे तुकड्याचं माप आहे. वरचा आकडा, म्हणजे अंश, ही तुकड्यांची मोजणी आहे. बेरजेत मोजणी वाढते. माप वाढत नाही. तीन नितकोर आणि दोन नितकोर मिळून पाच नितकोरच होतात. खालच्या आठाला आठ मिळवून सोळा करायचे नसतात.

इथंच आणखी एक चूक निघते, तीही पाहून ठेवा. पुष्कळ लेकरांना १/८ हा १/४ पेक्षा मोठा वाटतो, कारण आठ चारापेक्षा मोठे. बोलून समजावत बसू नका. नितकोर आणि चतकोर त्याच्या दोन हातांवर ठेवा.

घरात आजी असेल तर तिला या गणितात ओढा. एकदा एका ओसरीवर नातू पाव अधिक अर्धा सोडवत बसला होता. आजी निवडण-टिपण करता करता म्हणाली, "पाऊण झाली नं बाबू. त्याच्यात काय शिकाचं हाये?" आजीला अंश-छेद ठाऊक नव्हते. उत्तर मात्र ठाऊक होतं.

याचं कारण आपल्या भाषेत आहे. मराठीत अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी शब्दांतच भरून ठेवली आहे. सव्वातीन म्हणजे तीन अधिक पाव. साडेतीन म्हणजे तीन अधिक अर्धा. पावणेतीन म्हणजे तीन वजा पाव. पाऊण हा शब्दच संस्कृतातल्या पादोन वरून आला, म्हणजे पावानं उणा. तुमचं लेकरू "पावणेतीन वाजले" म्हणतं, तेव्हा ते वजाबाकी करून मोकळं झालेलं असतं.

पूर्वीच्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी असे पाढे म्हणून घेत. औट म्हणजे साडेतीन. गावातल्या ऐंशीच्या घरातल्या माणसांना ते अजून येतात. आजोबांना म्हणायला लावा आणि लेकराला ऐकू द्या. पाठ करायलाच हवेत असं नाही. पण पाव चोक एक, निम चोक दोन हे कानावर पडलेलं मूल १/४ आणि १/२ ला बिचकत नाही.

साडेतीन तर आपल्या अंगवळणी पडलेला आकडा आहे. साडेतीन मुहूर्त, साडेतीन शक्तिपीठं. पैनगंगेपलीकडचं माहूर हे पूर्ण पीठ. अर्धं पीठ वणीचं, पण ती नाशिककडची वणी, सप्तशृंगीची. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातली वणी वेगळी. लेकराला विचारा, तीन पूर्ण आणि एक अर्धं मिळून साडेतीन, मग त्यात किती अर्धी? सात. हे ७/२ झालं. पुस्तकात याला अंशाधिक अपूर्णांक म्हणतात. नाव जड आहे, गोष्ट सोपी आहे.

आज इंग्रजी शाळेत जाणारी मुलं साडेदोन म्हणतात, साडेएक म्हणतात. दीड आणि अडीच त्यांच्या कानावर पडलेले नसतात. यात मुलांचा दोष नाही. आपणच घरात त्यांच्याशी तसं बोललो नाही. मूल कुठल्याही माध्यमात शिकू द्या. पण दळण आणायला पाठवताना, दूध आणायला पाठवताना, पावशेर, अर्धा किलो, पाऊण किलो, दीड लिटर असंच सांगा. "दुकानातून दोनशे पन्नास ग्रॅमचा पुडा आण" म्हणालात, तर त्यात पाव कुठंच ऐकू येत नाही.

एक गोष्ट विशेष सांगायची आहे. झरी-जामणी, पांढरकवडा, मारेगाव भागातल्या कोलाम पोडांवर घरात कोलामी बोलतात. कुठं गोंडी बोलतात. पुसद, दिग्रस, दारव्हा भागातल्या तांड्यांवर गोरमाटी बोलतात. तुमच्या घरची बोली अशी वेगळी असेल, तर अर्ध्याला, पावाला, वाट्याला तुमच्या बोलीत जे शब्द असतील तेच आधी वापरा. भाकर आपल्या बोलीत मोडा. मराठीतलं लिहिणं नंतर होईल. ज्या भाषेत लेकरू भावाशी वाट्यावरून भांडतं, त्या भाषेत त्याला अपूर्णांक आधीच येतात.

आता पुन्हा १/२ + १/३ कडे येऊ. ही बेरीज भाकरीवर जमत नाही. अर्धीतून तिसरा हिस्सा सरळ निघत नाही. इथं जुना पेपर घ्या.

पेपरचं एक पान घ्या. त्याची उभी घडी घालून दोन भाग करा. उघडू नका. आता आडव्या घड्या घालून तीन भाग करा. मग उघडा. पानावर सहा चौकोन दिसतील.

पानाचा अर्धा भाग म्हणजे किती चौकोन? तीन. तीन चौकोनांत तुरीचा एकेक दाणा ठेवा. पानाचा तिसरा हिस्सा म्हणजे किती चौकोन? दोन. रिकाम्या चौकोनांपैकी दोनांत आणखी दोन दाणे ठेवा. पाच चौकोन भरले, एक रिकामा राहिला. उत्तर ५/६.

कागद तीन-चार वेळा लेकराच्या हातानं दुमडू द्या. १/४ + १/५ असेल तर घड्या घालून एकीकडून चार, दुसरीकडून पाच भाग. वीस चौकोन. पावाचे पाच, पाचव्या हिश्शाचे चार. नऊ झाले, म्हणजे ९/२०. दोन छेदांचा गुणाकार का करायचा, हे कागद दाखवतो. तिरपा गुणाकार करायची युक्ती शिकवणीत सांगतात. ती चूक नाही. पण कागद न दुमडता ती पाठ केली, तर महिनाभरात कुठला आकडा कुठं गुणायचा ते विसरतं. कागद दुमडलेलं लेकरू विसरलं तरी पुन्हा दुमडून बघेल.

ती २/५ ची चूक वहीतच राहिली तर फार बिघडत नाही. वावरात आली तर काय होतं ते बघा.

समजा तुम्हाला १८ क्विंटल सोयाबीन झालं. त्यातलं अर्धं बियाण्या-खताच्या उधारीत जाणार आहे. तिसरा हिस्सा मजुरी, ट्रॅक्टर आणि मळणीयंत्रात जाणार आहे. घरात किती राहील?

कोणी १/२ आणि १/३ मिळवून २/५ केलं, तर त्याला वाटेल की पाचातले तीन भाग आपले. १८ चे पाचातले तीन भाग म्हणजे पावणेअकरा क्विंटलच्या वर. माणूस घराचं पत्र्याचं छप्पर बदलायचं ठरवेल, पोरीला सायकल घ्यायचं कबूल करेल. खरा हिशेब असा. अर्धं म्हणजे ९ क्विंटल. तिसरा हिस्सा ६ क्विंटल. गेलं १५. उरलं ३. सहातला एक भाग.

हा हिशेब लेकराला तुमच्याच आकड्यांनी करू द्या. घरची उधारी मुलांपासून लपवावी असं पुष्कळांना वाटतं. मला तसं वाटत नाही. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला पीक किती झालं आणि त्यातलं किती कुठं गेलं, एवढं कळायला हरकत नाही. त्याला भीती घालू नका, हिशेब घाला. आपल्या जिल्ह्यात कास्तकाराच्या घरात आकडे न बोलण्यानं फार नुकसान झालं आहे.

आता शाळेतल्या ल.सा.वि. बद्दल दोन शब्द. लघुत्तम साधारण विभाज्य. या नावानं मुलं घाबरतात आणि आईबाप त्याहून घाबरतात. घाबरू नका. १/४ + १/६ करायचं असेल तर चार गुणिले सहा, चोवीस चौकोन केले तरी चालतं. ६/२४ + ४/२४ = १०/२४. उत्तर बरोबरच आहे. फक्त ते लहान करून ५/१२ लिहायचं राहिलं. ल.सा.वि. काढला असता तर सुरुवातच बारा चौकोनांनी झाली असती. म्हणजे ल.सा.वि. मुळे श्रम वाचतात, इतकंच. तो नाही आला म्हणून बेरीज अडत नाही.

भिंतीवरच्या घड्याळाचा इथं चांगला उपयोग होतो. तासाचा पाव भाग १५ मिनिटं. तासाचा सहावा भाग १० मिनिटं. मिळून २५ मिनिटं. घड्याळात पाच मिनिटांचे बारा घास असतात. २५ मिनिटं म्हणजे पाच घास, म्हणजे ५/१२. पुढं १/३ आणि १/४ करून बघा. २० आणि १५ मिळून ३५ मिनिटं, सात घास, ७/१२.

आणि हो, हा ७/१२ लिहिलेला पाहून लेकरू विचारेल, "हा तर आपला सातबारा?" त्याला सांगा, सातबारा हा अपूर्णांक नव्हे. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा असे दोन कागद एकत्र आहेत, म्हणून त्याचं नाव सातबारा. लिहायची पद्धत सारखी दिसते एवढंच.

वजाबाकीत लेकरं हातचा घेताना अडतात. सव्वातीनातून पावणेदोन गेले तर किती? पुस्तकातल्या रीतीनं तीनातला एक मोडावा लागतो. तुम्ही सगळ्याचे पाव करायला सांगा. सव्वातीन म्हणजे १३ पाव. पावणेदोन म्हणजे ७ पाव. तेरातून सात गेले, सहा पाव उरले. सहा पाव म्हणजे दीड. हे जमलं की पुस्तकाची रीतही समजते, कारण तिथंही एक अख्खा मोडून त्याचे चार पावच करतात.

सगळ्यात सोपी दिसणारी वजाबाकी सगळ्यात जास्त चुकते. तीन वजा पाव. मुलं ३ - १/४ = २/४ लिहून ठेवतात. त्यांना विचारा, "तीन भाकरी होत्या, चतकोर गेली. डब्यात किती?" लगेच म्हणतील, पावणेतीन. म्हणजे उत्तर त्यांच्या तोंडात आहे. वहीत मात्र येत नाही. तोंडातलं वहीत आणणं हेच तुमचं काम.

मुलगा क्रिकेटवेडा असेल तर त्याच्या खेळातलं गणित घ्या. एका गोलंदाजानं ४.३ षटकं टाकली, दुसऱ्यानं ३.४. मिळून किती? फोनवरचा कॅल्क्युलेटर ७.७ सांगेल. मुलगा हसेल. षटकात सहाच चेंडू असतात. तीन आणि चार सात चेंडू, म्हणजे एक षटक आणि एक चेंडू. ८.१ षटकं. हे मुलाला कोणी शिकवलेलं नसतं, तरी येतं.

हीच गोष्ट मोठ्यांना वावराच्या मापात येत नाही आणि तिथं फसगत होते. हे नीट वाचा.

आपण जमीन एकर-गुंठ्यात बोलतो. ४० गुंठ्यांचा एक एकर. दहा गुंठे पाव एकर, वीस गुंठे अर्धा, तीस गुंठे पाऊण. कागदावर घाईत लिहिताना पुष्कळजण दोन एकर वीस गुंठ्यांना २.२० लिहितात आणि एक एकर तीस गुंठ्यांना १.३० लिहितात. मग मोबाईलवर बेरीज करतात. ३.५०. आणि म्हणतात, साडेतीन एकर.

खरं काय आहे? दोन एकर वीस गुंठे म्हणजे अडीच एकर. एक एकर तीस गुंठे म्हणजे पावणेदोन एकर. अडीच आणि पावणेदोन मिळून सव्वाचार. गुंठ्यांत करा. वीस आणि तीस पन्नास गुंठे. त्यातल्या चाळीस गुंठ्यांचा एक एकर झाला, दहा गुंठे उरले. चार एकर दहा गुंठे. मोबाईलनं पाऊण एकर गिळला.

पाऊण एकराचं बियाणं कमी पडलं तर पुन्हा दुकानात जाता येतं. पण मक्त्याचा व्यवहार साडेतीन एकरांवर ठरला, पैसे साडेतीनचे घेतले आणि सही झाली, तर पाऊण एकर वर्षभरासाठी फुकट गेला. म्हणून एकर आणि गुंठे वेगळ्या रकान्यांत लिहा. मधे टिंब देऊ नका.

सातबाऱ्यावर मात्र माप हेक्टर-आरमध्ये असतं. १०० आरचा एक हेक्टर. तिथं १.२० म्हणजे एक हेक्टर वीस आर, आणि तिथली बेरीज कॅल्क्युलेटरवर बरोबर येते, कारण शंभराचा हिशेब आहे. एक हेक्टर म्हणजे साधारण अडीच एकर. एक गुंठा म्हणजे जवळपास एक आर. पण दोन कागदांवरची दोन मापं एकाच बेरजेत कधीही घालू नका. आधी दोन्ही एका मापात आणा. भाकरीच्या तुकड्यांचा नियम इथंही तोच.

आता वाटणीचं. यात घरं फुटतात म्हणून थोडं सावकाश सांगतो.

समजा आजोबांनी स्वतःच्या कमाईनं ८ एकर वावर घेतलं होतं. मृत्युपत्र न करता ते गेले. मागं आजी, दोन मुलगे आणि एक मुलगी. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे चौघांना सारखा हिस्सा. प्रत्येकी १/४, म्हणजे दोन एकर. मुलीचा हिस्सा मुलाएवढाच, हे ध्यानात ठेवा.

काही वर्षांनी एक मुलगा गेला. त्यानंही मृत्युपत्र केलं नव्हतं. त्याच्यामागं बायको, दोन लेकरं आणि त्याची आई, म्हणजे आपली आजी. त्याच्या पावाचे चार वाटे झाले. पावाचा पाव म्हणजे १/१६. तो आजीलाही मिळाला.

आजीचा एकूण हिस्सा किती? १/४ + १/१६. बैठकीत कोणी म्हणेल, "आजीचे दोन एकर." कोणी तिला धरणारच नाही. तुमच्या लेकराला मात्र आता हे येतं. पावाचे सोळावे भाग चार. चार आणि एक पाच. ५/१६.

जुन्या माणसांना आण्यांत सांगा. रुपयाचे सोळा आणे. आजीचे चार आणे आणि वर एक आणा, पाच आणे. हयात मुलगा चार आणे, मुलगी चार आणे. सून एक आणा, दोन नातवंडं एकेक आणा. पाच, चार, चार, एक, एक, एक. सोळा आणे जुळले. आठ एकरांत एक आणा म्हणजे अर्धा एकर. आजीचे अडीच एकर.

सगळे हिस्से मिळवून एक पूर्ण यायलाच हवा. कमी आला तर कोणीतरी सुटलं आहे. जास्त आला तर कोणाला तरी दुप्पट धरलं आहे. सही करण्याआधी ही बेरीज घरातल्या सहावीतल्या पोरीकडून करून घ्या. वडिलोपार्जित जमिनीची वाटणी वेगळ्या रीतीनं होते, आदिवासी कुटुंबांना हा कायदा आपोआप लागू होत नाही, मुस्लिम कुटुंबांचे वाटे वेगळ्या नियमानं पडतात. म्हणून कोणाचा हिस्सा किती, हे जाणत्या वकिलाला विचारा. पण त्यानं सांगितलेल्या हिश्शांची बेरीज घरी तपासा. ते तुमच्या हातात आहे.

वाट्यांत आणखी एक फसवी जागा आहे. "माझा अर्धा, तुझा पाव" असं कोणी म्हटलं, की लगेच विचारा, कशाचा? रस्त्यालगतच्या गटाचा अर्धा आणि नाल्याकाठच्या गटाचा पाव यांची बेरीज पाऊण होत नाही. दोन वेगळ्या भाकरींचे तुकडे आहेत ते, एक मोठी, एक लहान. अपूर्णांक नेहमी कशाचा तरी असतो. वहीतल्या गणितातही लेकराला हा प्रश्न विचारायची सवय लावा. कशाचा अर्धा? कशाचा तिसरा?

फवारणीच्या दिवसांतही हाच प्रश्न उपयोगी पडतो. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं आपल्या जिल्ह्यात माणसं गेली, ते वर्ष कोणी विसरलेलं नाही. त्याला कारणं पुष्कळ होती. पण डब्यावर लिहिलेली मात्रा किती पाण्याला आहे, हे न बघता झाकणानं अंदाजे ओतणं अजूनही चालतं. पंप अर्धाच भरायचा असेल तर मात्राही अर्धीच. घरात वाचणारं लेकरू असेल तर चिठ्ठी त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घ्या आणि अर्ध्याचा हिशेब त्याला करू द्या. डबा मात्र त्याच्या हाती देऊ नका.

हे सगळं एका दिवसात करायला जाऊ नका. पहिल्या आठवड्यात फक्त भाकर. दुसऱ्या आठवड्यात कागद आणि दाणे. मग घड्याळ. वावराचे हिशेब सुट्टीच्या दिवशी, बांधावर. रोज दहा मिनिटं पुरतात. लेकरू दमलं असेल त्या दिवशी तीही नकोत. चुकलं तर "पुन्हा बघ, वाढलं का घटलं?" एवढंच म्हणा. बाकीच्यांसमोर चूक काढू नका. शेजारच्या पोराचं नाव घेऊ नका.

आणि मुलींना यातून वगळू नका. मुलगी भाकरी थापते आणि मुलगा गणित करतो असं अजून काही घरांत चालतं. चुलीपाशी बसलेल्या पोरीच्या हाताखाली रोज दहा भाकरी जातात. तिच्याकडं गणिताचं सामान सगळ्यात जास्त आहे.

शेवटी एक जुनं कोडं देतो. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लीलावती लिहिली. पुढं त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. त्याचा शिलालेख तिथं आहे. अपूर्णांकांचे छेद सारखे करायची जी रीत आज पाचवीत शिकवतात, ती लीलावतीत आहे. आणि तिच्यात भुंग्यांचं एक गणित आहे. माझ्या शब्दांत सांगतो.

भुंग्यांचा एक थवा होता. त्याचा पाचवा हिस्सा कदंबावर गेला. कदंबाला मराठीत कळंबही म्हणतात, आपल्या एका तालुक्याचं नावही तेच आहे. तिसरा हिस्सा शिलिंध्राच्या फुलांवर गेला. या दोन हिश्शांत जो फरक, त्याच्या तिप्पट भुंगे कुड्यावर गेले. एक भुंगा केवडा आणि मालती यांच्या वासानं मधेच घुटमळत राहिला. थव्यात भुंगे किती?

तुरीचे दाणे लेकरापुढं ठेवा. किती घ्यायचे ते सांगू नका. ते आधी दहा घेईल. दहाचा पाचवा हिस्सा निघेल, तिसरा निघणार नाही. मग बारा घेईल. बाराचा तिसरा निघेल, पाचवा निघणार नाही. थोडं थांबेल, मनाशी पाच आणि तीन म्हणेल, आणि पंधरा मोजून घेईल. तीन दाणे कळंबाला. पाच शिलिंध्राला. फरक दोनाचा, त्याची तिप्पट सहा, ते कुड्याला. एक दाणा त्याच्या हातात उरेल.